हरकत असल्यास पंधरा दिवसांत

धुळ्याला देवपुरात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे, त्या आबांनी खोली देण्याआधी मला तीन प्रश्न विचारले होते. नोकरी काय, नवरा कुठे, आणि आधीच्या घरमालकाने मला काढलं की मी निघाले. मी सांगितलं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, नवरा जळगावला एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आणि मी निघाले, कारण तिथे नळाला पाणी येत नव्हतं.

"पाहिलं कोणी?" आबांनी विचारलं.

"पाणी येतच नव्हतं, तर कोण काय पाहणार?" मी म्हटलं.

आतून कुणीतरी मोठ्याने हसलं. मग बाईमाणसाचा आवाज आला, "दी टाका खोली! हाई बाई तुम्हले पुरी पडी."

त्या अक्का, आबांच्या पत्नी. म्हणजे खोली मला अक्कांनी दिली. आबांनी फक्त कागद केला. त्या कागदात दहा बाय बाराच्या खोलीची चतुःसीमा होती: पूर्वेस मालकाची मोरी, पश्चिमेस शेवग्याचं झाड, उत्तरेस सामाईक भिंत, दक्षिणेस येण्याजाण्याची वाट. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की शेवग्याच्या शेंगांवर भाडेकरूचा हक्क राहणार नाही, परंतु वाऱ्याने पडलेल्या शेंगांवर राहील. मी चार वर्षं तिथे राहिले. वारा पुरेसा होता.

आबा निवृत्त तलाठी. साक्री आणि शिरपूर तालुक्यांतल्या गावांमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर सरकारी दप्तर त्यांनी परत केलं, पण सवय परत करायची राहून गेली. दूधवाला म्हणाला, म्हैस आजारी आहे, म्हणून दूध कमी, की आबा विचारणार, "सांगतो कोण? पाहिलं कोणी? सही कुणाची?" हे तीन प्रश्न ते वर्तमानपत्रालाही विचारत. सकाळी ओट्यावर बसून मोठ्याने बातमी वाचायची आणि प्रत्येक बातमीनंतर शेजाऱ्यांच्या भिंतीकडे बघून म्हणायचं, "पाहिलं कोणी?" शेजारी बिचारा दाढी करता करता म्हणायचा, "मी नाही बुवा."

त्यांना गर्व एकाच गोष्टीचा होता. सगळ्या नोकरीत त्यांच्या हातून एकही खोटी नोंद झाली नव्हती. पैसे खाल्ले नाहीत, असं सांगणारे तलाठी मी आणखीही पाहिलेत. आबांचं म्हणणं त्याहून कडक होतं. चुकूनसुद्धा खोटं लिहिलं नाही, असं ते म्हणत. पीकपाहणीला इतर तलाठी बांधावर उभे राहून, लांबूनच कापूस की ज्वारी ते लिहून मोकळे होत. आबा वावरात उतरत. चिखल असला तर चपला हातात घेऊन उतरत. एकदा एका बागायतदाराने केळीचा अख्खा घड त्यांच्या दारात आणून ठेवला. आबांनी त्या घडाचा पंचनामा केला, केळी मोजली आणि घड चावडीवर जमा केला. केळी चावडीवर पिकली, काळी पडली, त्यांवर चिलटं आली. कोतवालाने विचारलं, फेकून देऊ का? आबा म्हणाले, अजून हरकतीची मुदत संपलेली नाही.

ही गोष्ट अक्का सांगत, आणि शेवटी म्हणत, "आम्हना पोटमा एक केळं नही गयं. चिलटं जेवनात पोटभर."

अक्का शिरपूरकडच्या शेतकरी घरातल्या. बोलायच्या अहिराणी, आणि लिहिता-वाचता येत नसल्यामुळे सगळं तोंडपाठ. लेकीसुनांची बाळंतपणं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुठल्या साली कुठली विहीर आटली. आबांच्या दप्तरात जे नव्हतं ते अक्कांच्या डोक्यात होतं, आणि दोघांना एकमेकांच्या वहीची गरज पडत नसे.

मग एके दिवशी अक्का माझ्याकडे चमचाभर विरजण मागायला आल्या. मी दिलं. दहा मिनिटांनी पुन्हा आल्या. मला वाटलं, सांडलं असेल. तिसऱ्यांदा आल्या तेव्हाही दिलं, कारण मला दोनची ड्युटी होती आणि वाद घालायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी आबा तीन पातेली दही घेऊन माझ्या दारात उभे. "हे दही तुमच्या विरजणाचं आहे," ते म्हणाले, "तरी यातला तिसरा हिस्सा तुमचा." आठवडाभर आम्ही कढी खाल्ली.

हसण्यासारखं होतं तोवर आम्ही हसलो. मग अक्का आपल्याच गल्लीत घर शोधत फिरू लागल्या. आणि एका सकाळी आबांच्या हातात चहा देताना त्यांनी विचारलं, "तुम्हीन कोना घरना पाहुना?"

आबा हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा हसले नाहीत.

आता या आजाराला डिमेन्शिया म्हणतात हे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. तेव्हा आमच्याकडे म्हातारचळ हा एकच शब्द होता. डॉक्टर शहाणे होते. त्यांनी सांगितलं, औषध नाही. नवं जातं आधी, जुनं जरा उशिरा जातं. त्यांच्याशी जुनंच बोलत जा. घरच्या माणसाची ओळख राहिली तर जेवणखाण राहील, आणि जेवणखाण राहिलं तर बाकीचं बघता येईल. ओळख गेली की ही माणसं अन्नाला शिवत नाहीत, ते मात्र होऊ देऊ नका.

आबांनी विचारलं, "हे लेखी मिळेल का?"

लेखी मिळालं नाही. तेव्हा लिहायचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं.

त्यांनी बाजारातून लांबलचक वही आणली आणि लाल-निळ्या पेन्सिलीने रकाने पाडले: अनुक्रमांक, गाव, साल, प्रसंग, पाहणारे, शेरा. अक्कांची प्रत्येक आठवण म्हणजे एक नंबर. रोज सकाळी अक्का लसूण सोलत बसत आणि आबा समोर बसून जबाब घेत. दुपारी मला बोलावणं येई. सरकारी नोकरीतली, नात्यातली नव्हे, म्हणून मी पंच. नंबर एक ते चाळीसपर्यंत जवळजवळ सगळ्यांखाली माझी सही आहे. अक्का सात वर्षांच्या असताना चिंचेवरून पडल्या याला मी साक्षीदार आहे. तेव्हा माझी आईसुद्धा जन्मली नव्हती.

"आबा, मी हे पाहिलेलं नाही," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"तुम्ही त्या सांगताना पाहिलंत ना? तेवढंच लिहिलंय. नीट वाचा."

नीट वाचलं. तेवढंच लिहिलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर ते आबा कसले. नोंद झाली की संबंधितांना नोटीस जायला हवी. त्यांनी आंतरदेशीय पत्रं आणली आणि सगळ्या नातेवाइकांना कळवलं, की सौ. अमुक यांच्या खालील आठवणी दप्तरी घेण्यात येत आहेत, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे, मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही. त्यांच्या सुरतेच्या मुलाने घाबरून विचारलं, की वडील आईच्या नावाची जमीन कुणाला देताहेत? बाकीचे गप्प बसले. हरकत आली एकच. अक्कांची धाकटी बहीण माई, यावलला दिलेली, पत्र न लिहिता थेट एसटीने आली आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "दाजी, नऊ नंबर खोटा शे!"

नऊ नंबरची आठवण अशी: गावातल्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत म्हैस घुसली आणि वऱ्हाड पानं सोडून पळालं. अक्कांच्या जबाबाप्रमाणे दावं त्यांनी सोडलं होतं. माईचं म्हणणं, दावं तिने सोडलं. मार चुकवायला त्या वेळी दोघींनी हा गुन्हा नाकारला असणार, पण आता दोघींनाही मालकी हवी होती.

"तू तं पायनामा व्हतीस," अक्का म्हणाल्या. पाळण्यात होतीस तू.

"पायनामा? मी आठ सालनी व्हतू! तू मांडोमा लाडू खाई राहिंती!"

आबांनी दोघींना ओट्याच्या दोन टोकांना बसवलं आणि रीतसर सुनावणी घेतली. म्हैस कुणाची, दावं कसलं, खुंटा कुठल्या बाजूला. अक्कांना सकाळचा चहा आठवत नव्हता, पण खुंट्याला गाठ कशी मारलेली होती ते त्यांनी पदराची गाठ मारून दाखवलं. माई गाठीवर हरली. तिला म्हैस तेवढी आठवत होती. शेवटी आबांनी नंबरचे पोटहिस्से पाडले: नऊ-एक, दावं सोडणे, अक्का, नऊ-दोन, म्हशीस मांडवाकडे हाकलणे, माई. दोघींचे अंगठे घेतले. माईला सही येत होती, पण ती म्हणाली, बहिणीचा अंगठा तर माझापण अंगठाच.

मला हे सगळं थट्टेचं वाटे, आणि मी एक्स्चेंजमध्ये जाऊन नक्कल करून दाखवत असे. पण एक गोष्ट मला मान्य करावी लागली. दुपारी बाराला, जेवणाआधी, आबा वही उघडून एकेक नंबर मोठ्याने वाचत, आणि अक्का जाग्या होत. "अनुक्रमांक चार. चिंचेच्या झाडावरून पडणे." की अक्का म्हणणार, "पडनू नही, उडी मारी." आबा शेऱ्यात दुरुस्ती करत. अक्का बघत बसत, यांनी खरंच दुरुस्त केलं की नाही. वाचायला येत नव्हतं तरी बघत. मग आबांचं ताट वाढत, ते जेवले की स्वतः जेवत. त्यांच्या पिढीतल्या बायका नवऱ्याआधी जेवत नसत, आणि अक्का बाकी सगळं विसरल्या तरी हे विसरल्या नव्हत्या. आबा जेवायला बसले की अक्कांचं जेवण ठरलेलं. तोवर आबा कोण हे त्यांना ठाऊक होतं.

घोटाळा झाला एकतीस नंबरला.

त्या दिवशी अक्कांनी सांगितलं ते असं. बापाचं वावर, वावरात गुडघाभर भुईमूग. नवा तलाठी आला, बांधावरच उभा राहिला आणि पाहणीपत्रकात लिहून मोकळा झाला: पडीक. बापाने विचारलं, काय लिहिलंत? त्याने वाचून दाखवलं. अक्का तिथेच निंदत होत्या, पंधरा-सोळा वर्षांच्या. त्यांनी भुईमुगाचा वेल मुळासकट उपटला आणि मातीसकट त्याच्या दप्तरावर आपटला.

"मी म्हनं, डोया फुटनात का तुन्हा? हाई काय शे? पडीक शे का हाई?" अक्का सांगताना उभ्याच राहिल्या. "मंग त्यानी खोडीसन भुईमूग लिखं. पानी मांगं. मी दिन्हं. आनि मंग त्यानीच मन्हासंगे लगीन करं." आणि त्यांनी बोट केलं आबांकडे.

आबांचं पेन थांबलं. मी म्हटलं, "आबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

"कारण हे घडलेलं नाही," आबा म्हणाले.

घडलेलं नव्हतं, म्हणजे आबांच्या बाबतीत. त्यांचं लग्न त्यांच्या मामांनी चाळीसगावला बैलबाजारात बोलता बोलता जमवलं. अक्कांना त्यांनी पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर. त्या साली ते साक्री तालुक्यात होते आणि अक्कांच्या गावाशी त्यांचा संबंध नव्हता. भुईमुगाला पडीक लिहिणारा तलाठी दुसराच कुणीतरी. अक्कांच्या डोक्यात दोन तलाठ्यांचा एक झाला होता.

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला परपुरुषाचा राग आला असता. आबांना राग आला तो बांधाचा. "मी? बांधावर उभा राहून पीकपाहणी? उभ्या भुईमुगाला पडीक?" त्यांचे कान लाल झाले. "ती नोंद माझी नाही."

"तुमनीच शे," अक्का म्हणाल्या.

"माझी नाही."

"मंग तू कोन शे?"

हे त्या रागाने म्हणाल्या नाहीत. खरोखर विचारलं. त्यांच्या हिशेबी वेल आपटून घेणारा तो नवरा होता, आणि हा समोरचा माणूस म्हणत होता की तो मी नव्हेच.

दुसऱ्या माणसाने इथे शहाणपणा केला असता. आबा शिरपूरला गेले. जुन्या पाहणीपत्रकाची नक्कल काढायला. तीन खेपा घातल्या. एकदा रेकॉर्डचा माणूस रजेवर, एकदा किल्ली नाही, तिसऱ्यांदा मिळाली. त्या तिन्ही दिवशी मी सकाळभर अक्कांजवळ बसले. त्या मला अगदी प्रेमाने वागवत होत्या, फक्त दर पंधरा मिनिटांनी मी कुठल्या गावची ते विचारत. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून वेगवेगळी गावं सांगू लागले. प्रत्येक गावात त्यांचं कुणी ना कुणी निघत होतं.

आबा नक्कल घेऊन आले ते जिंकून आल्यासारखे. चपला न काढता ओट्यावर उभे राहून त्यांनी वाचलं: अमुक गाव, अमुक सर्व्हे नंबर, पीक: पडीक, खोडून भुईमूग. म्हणजे अक्कांची आठवण शंभर टक्के खरी. "आणि सही पाहा!" त्यांनी कागद अक्कांच्या डोळ्यांपुढे धरला. "ही सही माझी आहे? हे अक्षर माझं आहे? मी वेलांटीला असा वळसा देतो?"

अक्कांनी कागद पाहिला, मग आबांना पाहिलं. पदर सावरला, परक्यासमोर सावरतात तसा.

"तुम्हीन नही का ते?"

"नाही! तेच तर सांगतोय."

"बरं," अक्का म्हणाल्या. आणि फाटकाजवळच्या दगडावर जाऊन बसल्या. जेवायला बोलावलं तर म्हणाल्या, घरधनी यायचाय, तो जेवल्याशिवाय मी कशी जेवू? आबा त्यांच्यासमोर ताट घेऊन बसले, जेवले, ताट धुतलं. त्याचा उपयोग काय, हा तर पाहुणा. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी नाही. माझ्या आग्रहाने दोनदा चहा घेतला, तेवढाच. चिवडा, शेव, केळं, सगळं पदराखाली ठेवून देत, घरधन्यासाठी.

मी ड्युटीवर गेल्या गेल्या यावलचा कॉल लावला. माईच्या शेजारच्या दुकानात फोन होता, तिथून माईला बोलावलं. सुपरवायझर बघत होते. बघू देत.

माई सकाळच्या गाडीने आली. तिने वही पाहिली, नक्कल पाहिली, बहिणीचं तोंड पाहिलं आणि आबांवर तुटून पडली. "दाजी, तुम्हले बायको पाहिजे की कागद?"

"खोटं कसं बोलू?" आबा म्हणाले. "सगळ्या नोकरीत बोललो नाही."

"नोकरी संपनी!"

"तुम्ही थांबा हो माई," मी म्हटलं. ओरडून आबांचं काही हलत नाही, हे भाडेकरू म्हणून मला माहीत होतं. मी त्यांच्यापुढे वही ठेवली. "आबा, पीकपाहणीला गेलात आणि वावर मालकाच्या मते कापसाचं आहे, पण उभी ज्वारी आहे. काय लिहाल?"

"ज्वारी."

"मालक कागद दाखवतोय कापसाच्या बियाण्याचा."

"कागदाचं काय? उभं असेल ते लिहायचं. पाहणी म्हणतात तिला."

"मग फाटकाजवळ काय उभं आहे, ते जाऊन बघा. मला दोनची ड्युटी आहे."

माई काही बोलायला गेली, मी तिला हाताने थांबवलं. मग आबा उठले. टोपी काढली, खुंटीला लावली आणि फाटकाकडे गेले. दगडाशेजारी दुसरा दगड नव्हता, तर खाली मातीत बसले. मी आणि माई दारात उभ्या होतो, त्यामुळे मी हे पाहिलं असं म्हणू शकते.

एरवी आबा घरातही कचेरीची मराठी बोलत. त्या दिवशी प्रथमच मी त्यांच्या तोंडून अहिराणी ऐकली.

"तो मीच व्हतू," ते म्हणाले. "भुईमूग उभा व्हता आनि मी पडीक लिखं."

अक्कांनी मान वळवली. "बांधवर उभा ऱ्हाईसन?"

आबांसाठी हा घास मोठा होता. "बांधवर उभा ऱ्हाईसन."

"वावरमा काब्रं नही उतरनात?" का उतरला नाहीत, ते त्यांना हवं होतं.

"चुकनं मन्हं."

"आते कसं!" अक्का उठल्याच. "इतला दिन काब्रं नही कबूल करं? मी म्हनस, तुमनीच शे नोंद, तं हाऊ बाबा कागद दखाडस!" आणि आबांच्या दंडाला धरून, अक्षरशः ओढत, त्यांना घरात घेऊन गेल्या, ताट वाढलं, ते खाईपर्यंत समोर बसल्या आणि मग स्वतः जेवल्या. मी ड्युटीवर अर्धा तास उशिरा पोचले.

एकतीस नंबर दुसऱ्या दिवशी रीतसर लिहिला गेला. आधी पेन्सिलीने, मग शाईने. "सदर पडीकची नोंद करणारा तलाठी मी स्वतः." एकेक अक्षर आबा असं काढत होते, जसं कुणी दुसऱ्याच्या जमिनीत खुंटी ठोकतंय. शेऱ्यात लिहिलं: "वहिवाटीप्रमाणे." खाली माईची सही, माझी सही. शिरपूरची नक्कल त्यांनी फाडली नाही. फाडणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. डब्यांच्या फळीवर कागद अंथरतात त्याखाली ती सारून दिली आणि वर हरभऱ्याच्या डाळीचा डबा ठेवला.

पण नोंद एकदा केली की झाली, असं अक्कांच्या बाबतीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना काहीच आठवत नसे. मग रोज बाराला आबांना तो गुन्हा नव्याने कबूल करावा लागे. सामाईक भिंत पातळ होती. भाजी फोडणीला टाकता टाकता मी रोज ऐकायची: "तो मीच व्हतू." काही दिवशी अक्का चटकन माफ करत. काही दिवशी चौकशी लांबे. एकदा त्यांनी आबांना ओट्यावर कान धरून उभं केलं आणि गल्लीतून दूधवाला जात होता. तो सायकलवरून उतरून बघत राहिला. आबा कान धरलेल्या अवस्थेत त्याला म्हणाले, "उद्यापासून अर्धा लिटर जास्त."

माणूस रोज एकच खोटं बोलायला लागला की त्याला त्यात गोडी लागते. महिन्याभरात आबांनी त्यात ऊन घातलं. मग पायात मोडलेला काटा आला, म्हणून वावरात उतरता आलं नाही. मग अक्कांच्या लुगड्याचा रंग आला, हिरवा. एक दिवस मी भिंतीपलीकडूनच विचारलं, "आबा, काटा कुठून आला? परवा नव्हता."

"बांधावर बाभळी असतात."

"पाहिलं कोणी?"

"तुम्हाला ड्युटीला उशीर होतोय," आबा म्हणाले. अक्का आतून हसत होत्या.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. बाकीचे नंबर एकेक करून गेले. चिंच गेली, म्हैस गेली, माई आली तर तिला अक्का म्हणू लागल्या, ही कुठली हो म्हातारी? माई मोरीत जाऊन रडली आणि बाहेर येऊन भांडी घासली. एकतीस नंबर तेवढा टिकला होता. मग माझी जळगावला बदली झाली. सामान बांधून ठेवलं होतं, ट्रक दुपारी यायचा होता, म्हणून त्या दिवशीचं जेवण मला आबांकडेच. आबांनी भाकरी स्वतः थापल्या होत्या, एव्हाना त्यांना येत होत्या. बाराला त्यांनी टोपी काढली, अक्कांसमोर बसले आणि म्हणाले, "तो मीच व्हतू. भुईमूग उभा व्हता आनि मी पडीक लिखं."

अक्कांनी विचारलं, "कोनं वावर?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, ऊन, काटा, हिरवं लुगडं, माती, पाणी. अक्कांनी सभ्यपणे ऐकून घेतलं, लोकांच्या घरची गोष्ट ऐकतात तसं. मग म्हणाल्या, "तुम्हीन तलाठी शेतस का?"

"तलाठी शे."

"उनमा फिरतस बिचारा." त्यांनी भाकरीचं ताट आबांकडे सरकवलं. आणि थांबल्या. "लगीन व्हयेल शे का तुम्हनं?"

"व्हयेल शे."

"मंग आठे कसं जेवशात?" त्यांनी ताटावर हात ठेवला. "ती घर वाट दखत व्हई. तुम्ही जेवाबिगर ती कशी जेवी? आधी तिले इचारी या."

मला वाटलं, झालं. आता हे दोघंही उपाशी. पण आबा उठले नाहीत, कुठे गेले नाहीत. मान वर करून अक्कांनाच विचारलं, "जेवू का?"

अक्का माझ्याकडे वळल्या. "दख वं बाई, भलता तलाठी शे हाऊ! बायको घर, आनि इचारस माले!"

"जेवू का?" आबांनी पुन्हा विचारलं.

अक्कांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ताटावरचा हात काढला. दुसरं ताट ओढून त्यात स्वतःसाठी भाकरी घेतली आणि समोर मांडी घालून बसल्या.

"जेवा," त्या म्हणाल्या. "तिले मी सांगी देसू."